विश्लेषण : पहिल्या सरीत वीज का जाते? खांबावरील इन्सुलेटरची निवड कशी ठरते?

वळवाची पहिली सर आली की दहा मिनिटांत वीज जाते, हा राज्यातील बहुतेक गावा-शहरांचा दर वर्षीचा अनुभव. ‘उन्हाळ्यात चिनी मातीचे इन्सुलेटर तापलेले असतात, त्यांवर थंड पाणी पडताच त्यांना तडे जातात’ हे त्यावरचे ठरलेले स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. खांबावर कोणता इन्सुलेटर बसवायचा हे ज्या टेबलावर ठरते, तिथे उरलेले अर्धे उत्तर सापडते.

इन्सुलेटर नेमके काय करतो?

रस्त्याकडेच्या ११ केव्ही वाहिनीच्या खांबाकडे पाहिले, तर लोखंडी आडव्या अँगलवर तपकिरी किंवा पांढऱ्या रंगाचे, एकावर एक बशा ठेवल्यासारखे तीन नग दिसतात. प्रत्येकाच्या माथ्यावर एक तार बांधलेली असते. हेच इन्सुलेटर. त्यांना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. तारेचे वजन आणि वाऱ्याचा ताण सोसायचा, आणि तारेतील वीज खांबात उतरू द्यायची नाही. पहिले काम यांत्रिक, दुसरे विजेचे. निवडीतील जवळपास सगळे वाद या दोन कामांच्या ओढाताणीतून निघतात.

खांब सरळ रेषेत असेल तर माथ्यावर उभा राहणारा ‘पिन’ किंवा ‘पोस्ट’ इन्सुलेटर चालतो. वाहिनी जिथे वळते किंवा संपते तिथे तारेचा संपूर्ण ओढा एका बाजूला येतो. अशा ठिकाणी चकत्यांसारखे ‘डिस्क’ इन्सुलेटर आडवे लावतात. दाब वाढला की या चकत्यांची माळ करायची, ही कल्पना १९०७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ह्युलेट आणि हॅरॉल्ड बक या अभियंत्यांनी मांडली. ४०० केव्हीच्या मनोऱ्यावर लोंबणारी वीस-पंचवीस चकत्यांची माळ हे त्याच कल्पनेचे आजचे रूप.

खांबाला आधार देणाऱ्या तिरप्या तारेतही, म्हणजे ‘स्टे’मध्ये, अंड्याच्या आकाराचा एक छोटा इन्सुलेटर असतो. वरची वाहिनी चुकून स्टेला लागली, तरी माणसाच्या हाताला लागणाऱ्या खालच्या भागात वीज उतरू नये म्हणून तो असतो. अनेक ठिकाणी हा ‘अंडा’ फुटलेला किंवा बसवलेलाच नसतो. म्हणूनच स्टेला जनावर बांधू नका, कपडे वाळत घालू नका, हे वारंवार सांगितले जाते.

तापलेल्या चिनी मातीचे स्पष्टीकरण कितपत खरे?

थोडा हिशेब करू. मे महिन्याच्या उन्हात चिनी मातीचा इन्सुलेटर ६०-६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला असे धरू आणि पावसाचे पाणी २५ अंशांचे धरू. फरक ४० अंशांचा झाला.

आता याच इन्सुलेटरची कारखान्यातील चाचणी पाहा. तापमानचक्र चाचणीत नमुन्याचे इन्सुलेटर आधी गरम पाण्याच्या हौदात आणि तिथून लगेच थंड पाण्याच्या हौदात बुडवतात. दोन्ही हौदांतील तापमानात ७० अंशांचा फरक ठेवतात आणि हे तीनदा करतात. त्यानंतर तडा दिसला किंवा विजेच्या चाचणीत नमुना नापास झाला, तर प्रश्न त्या संपूर्ण खेपेचाच उभा राहतो. म्हणजे धडधाकट इन्सुलेटरने वळवाची सर सहज पचवायला हवी.

मग तडे जातात ते कोणाला? जो आधीच आजारी आहे त्याला. चिनी माती दाब सोसण्यात अत्यंत मजबूत असते, ताण सोसण्यात मात्र कमकुवत. तिच्यात लोखंडी पिन आणि वर लोखंडी टोपी सिमेंटने बसवलेली असते. वर्षानुवर्षे ओलावा शिरून हे सिमेंट किंचित फुगते आणि आतून चिनी मातीवर ताण येऊ लागतो. केसाएवढी चीर पडते, तीही टोपीखाली, जिथे खालून कोणाला दिसत नाही. भाजणीत राहिलेली सूक्ष्म छिद्रे, ट्रकमधून उतरवताना बसलेला धक्का, कधी काळी जवळ पडलेली वीज हीदेखील चिरेची कारणे असू शकतात. अशा चिरेत पहिल्या पावसाचे पाणी शिरले की वीज आतून वाट काढते. तंत्रज्ञ याला ‘पंक्चर’ म्हणतात. तापमानातला झटका हा शेवटचा धक्का असतो. आजार त्याआधी बरीच वर्षे सुरू झालेला असतो.

मग सगळ्याच बिघाडांत इन्सुलेटर फुटतो का?

नाही. अनेकदा तो पूर्ण शाबूत असतो आणि तरीही वाहिनी बंद पडते. इथे दोषी असतो तो त्यावरचा थर.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत आपल्याकडे पाऊस जवळपास नसतो. या सात-आठ महिन्यांत इन्सुलेटरवर रस्त्याची धूळ, वीटभट्टीची राख, कोळशाची काजळी, खतांची पूड, पक्ष्यांची विष्ठा आणि किनाऱ्यावर समुद्राचे मीठ साचत जाते. कोरडा असेपर्यंत हा थर निरुपद्रवी असतो. तो ओला झाला की त्यातील क्षार विरघळतात आणि इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर वीजवाहक पापुद्रा तयार होतो. त्यातून गळती प्रवाह वाहू लागतो. प्रवाहाने उष्णता निर्माण होऊन थराचा काही भाग पुन्हा सुकतो. या अरुंद सुक्या पट्ट्यावर सगळा विद्युतदाब एकवटतो आणि तिथे ठिणगी उडते. ठिणग्या लांबत जाऊन तारेपासून खांबापर्यंत एकच चाप तयार झाला, की त्याला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. उपकेंद्रातील रिले हा बिघाड ओळखतो आणि संपूर्ण फिडर बंद करतो.

यातली गंमत अशी, की मुसळधार पाऊस यात मित्र ठरतो, कारण तो थर धुऊन नेतो. शत्रू आहेत ती रिमझिम, दव आणि धुके. ती थर भिजवतात, पण धूत नाहीत. मृग बरसून आठवडा झाला की वीज जाण्याचे प्रमाण कमी होते, असे अनेक लाइनमन सांगतात. त्यामागे हे साधे कारण आहे.

अर्थात पहिल्या पावसातील प्रत्येक बिघाड इन्सुलेटरच्या माथी मारता येणार नाही. वाऱ्याने तारेवर आलेली फांदी, सैल तारांचा एकमेकींना होणारा स्पर्श, कोसळलेली वीज हीदेखील नेहमीची कारणे आहेत. फांद्या छाटण्याचे काम वेळेत झाले नसेल, तर जगातील सर्वोत्तम इन्सुलेटरही उपयोगाचा नाही.

‘क्रीपेज’ किती हवे?

इन्सुलेटरच्या निवडीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, आणि सर्वाधिक घोळही याचाच. तारेपासून खालच्या लोखंडी पिनेपर्यंत एखादी मुंगी इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून चालत गेली, तर तिला जेवढे अंतर कापावे लागेल ते क्रीपेज अंतर. इन्सुलेटरला बशांसारख्या कडा आणि खालून खोल घड्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. उंची न वाढवता मुंगीची वाट लांबवायची, हा त्यांचा हेतू.

ही वाट किती लांब हवी हे दोन गोष्टींवर ठरते, विद्युतदाब आणि परिसरातील प्रदूषण. आंतरराष्ट्रीय मानकाच्या जुन्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत. वाहिनीच्या कमाल दाबाच्या प्रत्येक किलोव्होल्टमागे हलक्या प्रदूषणाला १६ मिलिमीटर, मध्यमला २०, जड प्रदूषणाला २५ आणि अतिजडला ३१ मिलिमीटर. ११ केव्ही वाहिनीचा कमाल दाब १२ केव्ही धरतात. म्हणजे स्वच्छ हवेच्या डोंगराळ गावात १९२ मिलिमीटर पुरतील, तर समुद्राला लागून असलेल्या किंवा सिमेंट कारखान्याच्या शेजारच्या खांबावर ३७२ लागतील. दाब तोच, तार तीच, खांबही तोच. तरीही इन्सुलेटर जवळपास दुप्पट लांब वाटेचा हवा.

२००८ मध्ये या मानकाची मांडणी बदलली. आता दोन तारांमधील दाबाऐवजी तार आणि जमीन यांमधील दाबाने भागतात आणि पायऱ्या पाच झाल्या आहेत. जुने ३१ नव्या पद्धतीत सुमारे ५३.७ होतात. आपल्याकडील अनेक निविदांत अजून जुनीच भाषा चालते, तर काही उत्पादकांची माहितीपत्रके नव्या भाषेत असतात. कोणी जुने ‘३१’ नव्या अर्थाने वाचले, तर त्याच ११ केव्हीच्या खांबासाठी ३७२ ऐवजी साधारण २१५ मिलिमीटरचा इन्सुलेटर योग्य ठरतो. कागदावर आकडा बरोबर, खांबावर नग अपुरा. एककाच्या एका ओळीकडे दुर्लक्ष झाले, की पुढची वीस-पंचवीस वर्षे तो भाग प्रत्येक रिमझिमीत अंधारात जाण्याची व्यवस्था होते.

उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर हा प्रश्न आणखी अवघड होतो. ४०० केव्ही वाहिनीचा कमाल दाब ४२० केव्ही. जड प्रदूषणासाठी ४२० गुणिले २५, म्हणजे साडेदहा मीटर क्रीपेज लागेल. साध्या चकतीचे क्रीपेज सुमारे ३०० मिलिमीटर आणि उंची १४५ मिलिमीटर धरली, तर ३५ चकत्या होतात आणि माळ पाच मीटरच्या वर जाते. मनोऱ्याची रचना मात्र २३ चकत्यांच्या, सव्वातीन-साडेतीन मीटरच्या माळेसाठी केलेली असू शकते. माळ लांबवली तर तार खाली येते आणि जमिनीपासूनचे सुरक्षित अंतर कमी होते. वाऱ्यात माळ झुलली तर तार मनोऱ्याच्या पायाजवळ जाते. म्हणजे चकत्या वाढवणे हा सुटसुटीत उपाय नाही. त्याच उंचीत जास्त क्रीपेज देणारी चकती शोधावी लागते किंवा साहित्यच बदलावे लागते.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही या माळेवर ‘स्ट्रिंग एफिशियन्सी’ची गणिते सोडवायचो. दाब सगळ्या चकत्यांवर सारखा वाटला जात नाही, तारेजवळच्या चकतीवर सर्वाधिक पडतो, हे त्यातून कळायचे. त्या गणितातल्या चकत्या मात्र कायम स्वच्छ आणि कोरड्या असायच्या.

नुसता आकडा पुरतो का?

तोही पुरत नाही, कारण वाट किती लांब याइतकेच ती कशी वळते हेही मोजावे लागते. खालून खोल घड्या असलेला ‘फॉग टाइप’ इन्सुलेटर किनाऱ्यावर उत्तम. खारे धुके आणि दव घड्यांच्या आतपर्यंत सहज पोहोचत नाही, त्यामुळे आतला भाग कोरडा राहतो. तोच इन्सुलेटर राजस्थानच्या वाळवंटात नेला तर त्या घड्यांत धूळ बसते आणि पाऊस किंवा वारा तिथवर पोहोचत नसल्याने ती निघतच नाही. तिथे सपाट, मोकळ्या कडांचा नग बरा, कारण वारा तो पुसून नेतो. कागदावर दोघांचे क्रीपेज सारखे असू शकते. वळणावरच्या खांबांवरील आडव्या माळांवर पाऊस वर-खाली दोन्हीकडून लागतो, म्हणून त्या उभ्या माळांपेक्षा स्वच्छ राहतात, हेही अनुभवाने माहीत झालेले.

चिनी माती, काच की पॉलिमर?

बाजारात तीन पर्याय आहेत. कोणता चांगला, असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. कोणता कसा बिघडतो, असे विचारले तर मिळते.

चिनी माती सर्वांत जुनी आणि ओळखीची. ऊन, पाऊस, अतिनील किरण, ठिणग्या यांनी तिच्या पृष्ठभागाचे फारसे काही बिघडत नाही. चांगली भाजलेली चिनी माती अनेक दशके टिकते. तिचा दोष वर आलाच आहे. ती आतून, लपून बिघडते. पंक्चर झालेली चकती बाहेरून नवीकोरी दिसते. माळेत एक-दोन चकत्या गेल्या तरी बाकीच्या भार वाहतात, म्हणून कोणाला कळतही नाही. पुढे कधीतरी मोठा बिघाड प्रवाह त्या चिरेतून गेला की आतल्या उष्णतेने टोपी फुटते आणि तार थेट खाली येते. इथे वीज जाण्यापुरता प्रश्न राहत नाही. खाली शेतात कोणी असेल तर तो जीवाचा प्रश्न होतो.

टफन्ड काचेची चकती याच्या नेमकी उलट. कारखान्यात तिला असे तापवून थंड केलेले असते की कुठेही दोष आला की संपूर्ण काच खळकन फुटून लहान तुकड्यांत खाली पडते. वर उरतो तो टोपी आणि पिन यांच्यातला बुंधा, आणि तो तारेचा भार सांभाळत राहतो. खालून चालणाऱ्या लाइनमनला नुसत्या डोळ्यांनी मोजता येते की माळेत दोन जागा रिकाम्या आहेत. ना यंत्र लागते, ना वर चढावे लागते. हा गुण किमतीच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. मात्र काच चमकते आणि फुटताना आवाज करते, त्यामुळे दगड मारणाऱ्या पोरांचे ते आवडते लक्ष्य असते. वस्तीजवळ काच लावताना याचाही विचार करावा लागतो.

तिसरा पर्याय पॉलिमर किंवा कंपोझिट. आत काचतंतूंची मजबूत दांडी, तिच्यावर सिलिकॉन रबराचे आवरण आणि दोन्ही टोकांना दाबून बसवलेली धातूची जोडणी. वजन हा त्याचा पहिला फायदा. ४०० केव्हीसाठी चिनी मातीची माळ शंभर किलोंच्या वर जाते, तर पॉलिमर तिच्या दशांशाच्या आसपास. डोंगरात, दलदलीत मनोऱ्यावर ती चढवणाऱ्यांना हा फरक विचारावा. दुसरा फायदा अधिक मोलाचा. सिलिकॉन रबरावर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावर राहावे तसे थेंबांत राहते. सलग पापुद्रा झाला नाही की गळती प्रवाहाला वाटच नाही. इतकेच नव्हे, तर रबरातील हलके सिलिकॉन रेणू हळूहळू वर बसलेल्या धुळीत झिरपतात आणि त्या धुळीलाही पाणी झटकायला लावतात. हा गुण चिनी मातीत नाही, काचेतही नाही.

मग सगळीकडे पॉलिमरच का नाही? कारण त्याचे वय चेहऱ्यावर दिसत नाही. सतत ठिणग्या उडत राहिल्या तर रबर झिजते, त्यावर कोळशासारखे मार्ग उमटतात. टोकाच्या जोडणीतून ओलावा आत शिरला तर दांडीतील काचतंतूंवर आम्लाचा परिणाम होऊन ती एका दिवशी काकडीसारखी सरळ मोडते. बोरॉनविरहित, आम्लरोधक काचतंतूंच्या दांड्या आल्यापासून हा धोका बराच कमी झाला आहे, पण निविदेत तशी अट लिहिलेली असली तरच. ऑस्ट्रेलियात काकाकुवा हे रबर कुरतडतात, हा तिथल्या कंपन्यांचा खरोखरचा डोकेदुखीचा विषय आहे. आपल्याकडे हाताळणी हा मोठा प्रश्न. गोदामात उंदीर, ट्रकमध्ये वरून टाकलेले लोखंड, मनोऱ्यावर दांडीवर पाय देऊन चढणारा कामगार, यांतून आवरणाला गेलेली बारीक चीर पाच-सात वर्षांनी बिघाड होऊन समोर येते. पॉलिमर मानकात हजार तासांच्या खाऱ्या धुक्याची चाचणी आहे. मात्र हजार तास म्हणजे जेमतेम सहा आठवडे. त्यातून निकृष्ट रबर बाजूला काढता येते, तीस वर्षांचे भविष्य वाचता येत नाही.

उत्तर भारताच्या धुक्यातून काय दिसले?

पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि पश्चिम उत्तर प्रदेश हा पट्टा म्हणजे या विषयाची देशातील सर्वांत मोठी प्रयोगशाळा. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके, त्यात वीटभट्ट्या, औद्योगिक धूर आणि वाहतुकीची काजळी. चिनी मातीच्या माळा असलेल्या उच्चदाब वाहिन्या पहाटेच्या सुमारास एकापाठोपाठ बंद पडण्याचे प्रकार तिथे अनेक हिवाळ्यांत घडले. एक वाहिनी गेली की तिचा भार शेजारच्या वाहिनीवर जातो, तीही त्याच धुक्यात उभी असते. उत्तरेकडील ग्रीडसाठी हा खरा धोका होता.

त्यावर दोन मार्गांनी काम झाले. हिवाळ्याआधी इन्सुलेटर धुण्याच्या-पुसण्याच्या मोहिमा आणि धुक्याच्या पट्ट्यातील वाहिन्यांवर चिनी मातीच्या जागी पॉलिमर. पॉवरग्रिडने मोठ्या प्रमाणावर हा बदल केला आणि धुक्यामुळे वाहिन्या बंद पडण्याचे प्रमाण घटले. सोबत प्रदूषणाचे मापनही झाले. इन्सुलेटरवरचा थर धुऊन त्या पाण्यातील क्षार मोजतात आणि प्रति चौरस सेंटिमीटर इतके मिलिग्रॅम मीठ असे ते मांडतात. त्यावरून कोणत्या भागाला कोणती पायरी लागू होते, हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवता येते. सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते. पॉलिमर हा उपाय होता, पण आधी मोजमाप होते.

महाराष्ट्रात काय वेगळे आहे?

इथे एकच उत्तर चालणारच नाही, असा प्रदेश आहे. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत खारा वारा, चंद्रपूर-कोराडी परिसरात औष्णिक केंद्रांची राख, कोरपना-गडचांदूर भागात सिमेंटची धूळ, मराठवाड्यात आठ महिने कोरडी माती आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर रोज धुतला जाणारा, पण विजांच्या कडकडाटात उभा असलेला खांब. माथ्यावरच्या खांबाचा प्रश्न प्रदूषणाचा नाही, विजेच्या झटक्याचा आहे. ११ केव्हीच्या इन्सुलेटरला ७५ केव्हीचा क्षणिक झटका सोसण्याची अट असते. थेट पडलेली वीज याच्या कितीतरी पट दाब निर्माण करते. तिथे क्रीपेज वाढवून उपयोग नाही, लाइटनिंग अरेस्टर आणि चांगले अर्थिंग हवे.

तरीही एका मंडळासाठी किंवा संपूर्ण राज्यासाठी एकाच वर्णनाचा इन्सुलेटर हजारोंच्या संख्येने घेण्याकडे वीज कंपन्यांचा कल असतो. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. गोदामात चार प्रकार ठेवले, तर ऐन पावसात रात्री हवा तो मिळत नाही. एकच प्रकार ठेवला की निदान हाताशी काहीतरी असते. पण मग निदान तो एक प्रकार सर्वांत वाईट जागेला पुरेल असा असावा. प्रत्यक्षात तो सरासरी जागेला पुरेल असा निवडला जातो. अलीकडे अनेक ठिकाणी चिनी मातीच्या पिनांच्या जागी पॉलिमर बसवले जात आहेत. दिशा योग्य वाटते, पण सह्याद्रीच्या माथ्यावर आणि अलिबागच्या किनाऱ्यावर तोच नग जात असेल, तर जुनीच सवय नव्या साहित्यासह चालू आहे.

एका नगाने एवढा फरक पडतो?

खांबांमध्ये ५० मीटर अंतर धरले तर एका किलोमीटरला २० खांब, प्रत्येकावर तीन तारा, म्हणजे ६० इन्सुलेटर. २५ किलोमीटरच्या ग्रामीण फिडरवर दीड हजार. त्यांपैकी एक पंक्चर झाला की रिले संपूर्ण फिडर बंद करतो आणि दहा-बारा गावे अंधारात जातात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. दीड हजारांतला तो एक शोधायचा कसा? लाइनमन फिडरचे तुकडे करत जातात. अर्धा भाग वेगळा करायचा, उरलेला चालू करून पाहायचा, बंद पडला तर त्यातला अर्धा वेगळा करायचा. हे सगळे रात्री, पावसात, बांधावरून चालत. केसाएवढ्या चिरेचा इन्सुलेटर टॉर्चच्या उजेडात दिसत नाही. पाऊस थांबून चीर सुकली तर वाहिनी आपोआप सुरू होते आणि दोष तसाच राहतो, पुढच्या सरीपर्यंत. ‘लाईट येते-जाते’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच न सापडलेला नग असतो.

म्हणून इन्सुलेटरची किंमत म्हणजे पावतीवरची किंमत नव्हे. त्यात बिघाड शोधण्याचे तास, बंद पडलेला पाण्याचा पंप, दूध संकलन केंद्राचे कूलर आणि ओल्या खांबावर चढणाऱ्या माणसाचा धोकाही धरायला हवा. निविदेत मात्र सर्वांत कमी दराचा रकाना असतो, ‘बिघडला तर किती वेळात सापडेल’ असा रकाना नसतो. वितरण जाळे सुधारण्यासाठी केंद्राच्या ‘आरडीएसएस’ योजनेचा एकूण आराखडा ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांचा आहे. त्यात चर्चा होते ती स्मार्ट मीटरची. खांबाच्या माथ्यावरच्या या नगाची होत नाही.

चुकीच्या निवडीवर तपासणीने काही प्रमाणात मात करता येते. उष्णता टिपणारे कॅमेरे, ठिणगीचे अतिनील किरण दाखवणारे कॅमेरे, ड्रोन ही साधने आता उपलब्ध आहेत. उच्चदाब पारेषणात ती वापरली जातात. ११ केव्हीच्या गावाकडच्या फिडरपर्यंत ती क्वचितच पोहोचतात, आणि बहुसंख्य ग्राहकांची वीज जाते ती तिथेच. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत फांद्या छाटल्या जातात, तारा ओढल्या जातात. मात्र इन्सुलेटर पुसणे आणि संशयित नग बदलणे हे वेळ उरला तर होणारे काम राहते.

ग्राहकाला काय करता येईल?

वीज कंपन्यांना ग्राहकामागे वर्षात किती वेळा आणि किती वेळ वीज गेली याचे निर्देशांक ठेवावे लागतात. आपल्या फिडरचे आकडे मागता येतात. त्यासोबत बिघाडाचे कारण काय नोंदवले, इन्सुलेटर असेल तर तोच खांब पुन्हा आला का, हे विचारावे. एकाच तुकड्यावर दर वर्षी इन्सुलेटर बदलले जात असतील, तर तिथे चुकीचा प्रकार बसवला जात असण्याची शक्यता मोठी.

दुसरी गोष्ट अगदी साधी. रिमझिमीत, धुक्यात किंवा पहाटेच्या दवात खांबाच्या माथ्यावरून तडतड आवाज येत असेल, निळसर ठिणग्या दिसत असतील, तर तो इन्सुलेटर फ्लॅशओव्हरच्या वाटेवर आहे. पाऊस थांबल्यावर ही खूण नाहीशी होते आणि लाइनमनला काहीच दिसत नाही. अशा वेळी खांबाला किंवा स्टेला हात न लावता लांबूनच मोबाइलवर चित्रफीत घ्यावी, खांबावर रंगवलेला क्रमांक असेल तर तो टिपून ठेवावा आणि १९१२ वर कळवावे. क्रमांक पुसला गेला असेल तर जवळच्या रोहित्राचा सांगावा.